मामंजींचं मीठ

मामंजींनी पेजेचा पहिला घोट घेतला आणि वाटी तोंडापासून दोन बोटं लांब धरून ते थांबले.

मी चुलीपाशी होते. हातात फुंकणी, तोंड चुलीकडे आणि लक्ष सगळं पाठीमागे. विस्तव चांगला पेटलेला होता, तरी मी फुंकत राहिले.

"आज पेज कोणी केल्यान?" त्यांनी विचारलं.

"मी केली, मामंजी."

"मीठ?"

"बरणीतलंच घातलं. का, कमी पडलं?"

"नाय, नाय. बरोबर आसा."

त्यांनी वाटी संपवली, आणखी अर्धी मागून घेतली, टोपी डोक्यावर ठेवली आणि आगराकडे चालू लागले. माझा जीव भांड्यात पडला. नुसता भांड्यात पडला नाही, तिथे बसून जरा फुशारूनही गेला. ज्या माणसाच्या जिभेला सगळी खाडी मानत होती, त्या माणसाला मी, घाटावरून आलेल्या मास्तरणीने, पहिल्याच दिवशी फसवलं होतं.

या गोष्टीला आता पस्तीस वर्षं झाली. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि मला स्वतःच्या हुशारीबद्दल फार खात्री होती.

नेरखार हे वेंगुर्ल्याच्या बाजूचं खाडीकाठचं गाव. मी मूळची आजऱ्याची. बदली होऊन तिथल्या शाळेत आले आणि हेडमास्तरांनी जमवून दिल्यामुळे मांजरेकरांची सून झाले. गावात पाच घरांचे पाच आगर होते. आगर म्हणजे मिठागर. भरतीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, उन्हात आटवायचं आणि खाली बसलेलं मीठ लाकडी फळीने काठाला ओढायचं. माझे सासरे, बाबल मांजरेकर, हे त्या पाचांतले जाणते. डोळे मिटून खडा जिभेवर ठेवला की सांगायचे, हे तातू केरकराच्या आगरातलं, हे देवळाकडच्या वाफ्यातलं, हे एक दिवस उशिरा ओढलंय. दरवर्षी नवं मीठ निघालं की बाकीचे चौघे त्यांच्यापुढे करवंटीत आपापलं मीठ घेऊन बसायचे, आणि ते सांगतील ते खरं धरायचे.

अशा घरात मी तीन दिवसांपूर्वी सावंतवाडीहून पिशवीतलं मीठ लपवून आणलं होतं.

मला दिवस गेले होते. तिसरा महिना. तपासायला वालावलकर डॉक्टरीणबाईंकडे गेले, तर त्यांनी पोटाऐवजी आधी माझ्या गळ्यालाच हात लावला.

"ही सूज कधीपासून?"

"सूज? मला वाटलं लग्नानंतर अंग धरलंय."

त्या हसल्या नाहीत. "मासे खाता?"

"घरात कढईत पडले तरी मी शाळेत जाऊन बसते."

"मीठ कुठलं खाता?"

हे मी जरा मान वर करून सांगितलं. "घरचं. सासऱ्यांचा आगर आहे. थेट समुद्राचं."

"तिथेच अडलंय," त्या म्हणाल्या. "समुद्रात आयोडीन असतं, पण मिठात ते नावापुरतंच उरतं. इथल्या लोकांना ते माशांतून मिळतं. तुम्ही मासे खात नाही, आणि आता तुम्ही एकट्या नाही. बाळाच्या मेंदूची वाढ त्यावर असते. मी गोळ्या देते, पण रोजचं मीठ बदला. आयोडीन घातलेलं, पिशवीतलं. डबा झाकून ठेवायचा आणि पदार्थ उतरवल्यावर मीठ घालायचं."

आमच्या आजऱ्याच्या गल्लीत गलगंडाच्या दोन बायका होत्या. त्यांपैकी एकीची मुलगी, गोदी, माझ्याबरोबर पहिलीत बसली. मी सातवीला गेले तेव्हाही ती पहिलीतच होती आणि मला बघितलं की हसायची. डॉक्टरीणबाई बोलत होत्या आणि मला समोर गोदी दिसत होती. मी फार घाबरले. बाहेर आले आणि समोरच्या दुकानातून पहिल्यांदा मिठाची पिशवीच घेतली.

आता सरळ सासऱ्यांना सांगायचं सोडून ही चोरी कशाला, असं कुणालाही वाटेल. अडचण होती ती त्यांच्या शब्दाची. दोन वर्षांपूर्वी गावच्या दुकानांतून पिशवीतलं मीठ यायला लागलं आणि आगराकाठचे मिठाचे ढीग तसेच पडून राहायला लागले. तेव्हा पाचही घरं रवळनाथाच्या देवळात जमली आणि मामंजींनी स्वतः देवाला गाऱ्हाणं घातलं, की ज्याचा आगर आहे त्याच्या घरात पिशवीतलं मीठ येणार नाही. देवासमोर सगळ्यांच्या वतीने दिलेला शब्द. नंतर मामंजींच्या जावयाने गमतीने एक पिशवी आणली होती, ती त्यांनी फाटकाबाहेरच ओतायला लावली. जावई आजही ते सांगतो.

आमचे हे, म्हणजे रघुवीर, कुडाळला नोकरीला होते आणि शनिवारी घरी यायचे. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी डोकं खाजवलं.

"आबांका सांगूचा कसा?" ते म्हणाले.

"तुम्ही मुलगा आहात त्यांचे. तुम्ही सांगा."

"तूच बग काय ता. तू शिकलेली आसस."

आणि सोमवारच्या पहिल्या गाडीने गेले.

मग मी शिकलेल्या बाईसारखा विचार केला. पानात वेगळं मीठ घेतलं असतं तर लगेच दिसलं असतं, कारण घरचं मीठ करडं आणि खड्यांचं, पिशवीतलं पांढरं आणि पिठासारखं. पण आमच्या स्वयंपाकात खडे घालतच नसत. घरचं मीठ बरणीत पाण्यात विरघळवायचं, दोन दिवस हलवायचं नाही, गाळ तळाला बसला की वरचं नितळ पाणी दुसऱ्या बरणीत काढून ठेवायचं. आमटी असो की पेज, उतरवल्यावर करवंटीच्या डवलीने ते पाणी घालायचं. पाण्यात विरघळलेल्या मिठाला रंग कुठून येणार? मी मागच्या दारी पिशवी फोडली, मीठ बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरलं, डबा आमसुलांच्या बरणीमागे ठेवला आणि पिशवी चुलीत घातली. प्लास्टिक जळल्याचा वास माजघरापर्यंत गेला.

"काय जळता गो?" आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, विचारलं.

"वहीचं कव्हर."

"वहीक असो वास येता?"

"नवीन वह्यांना येतो," मी म्हटलं.

रात्री बरणी रिकामी करून मी तिच्यात डब्यातल्या मिठाचं पाणी केलं. सकाळी तीच पेज मामंजींनी प्यायली आणि वाटी धरून थांबले.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी ते धुतलेला शर्ट घालून सावंतवाडीच्या बाजाराला गेले. आगराच्या कामाचे दिवस जवळ आले असताना ते कधी एवढ्या लांब जात नसत. दिवेलागणीला परत आले ते एक केरसुणी घेऊन.

"एवढे लांब गेलास आणि एक केरसुणी हाडलास?" आत्याबाई म्हणाल्या.

"बरी आसा," मामंजी म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

दिवस चांगले चालले होते. मला उलट्या होत नव्हत्या, शाळेतली पोरं माझ्यासाठी बोरं-आवळे आणत होती, आणि घरात कुणाला काही कळलेलं नव्हतं. एकदा जेवताना आत्याबाई म्हणाल्या, "ह्या वर्साचा मीठ बरा पडला गो. आमटीक कशी चव इली हा." मी मान डोलावली आणि मनात हसले. मामंजी खाली बघून जेवत होते.

एका गोष्टीचं मात्र मला कोडं पडलं होतं. मी हात राखून मीठ वापरत होते, कारण सावंतवाडीला जाणं महिन्यातून एकदाच व्हायचं. दिवाळीच्या सुमाराला डबा तळाला गेलेला मी पाहिला होता. तीन दिवसांनी उघडला तर अर्धा. मला वाटलं, मीच नीट बघितलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात तो अर्ध्याच्या वर. मार्गशीर्षात तर झाकण लागेना. मी शाळेत मुलांना शिकवत होते की दोनातून एक गेला की एक उरतो, आणि घरी रोज डवलीभर काढूनही डबा भरत चालला होता. कुणाला विचारणार? मी झाकण दाबून बसवलं आणि गप्प राहिले. पोटुशी बाई विसरभोळी होते असं सगळ्या म्हणतातच, म्हणून मी ते तेवढ्यावर सोडून दिलं.

जानेवारीच्या शेवटी नवं मीठ निघालं. रिवाज असा होता, की पाचही घरांनी करवंटीतून मीठ देवळात न्यायचं, देवापुढे ठेवायचं आणि मग ज्याची पाळी असेल त्याच्या घरी जेवायचं. जेवण साधं. पेज, उकडलेले कणगर, म्हणजे कंद, आणि खोबऱ्याची चटणी. सगळं अळणी शिजवायचं आणि यजमानाच्या बरणीतलं मिठाचं पाणी ज्याने त्याने वरून घालून घ्यायचं. पाहुण्यांनी त्या घरच्या मिठाला मान द्यायचा, म्हणून ही रीत. त्या वर्षी पाळी आमची होती.

हे मला आदल्या संध्याकाळी कळलं. पाच आगरवाले, पाच जिभा, आणि बरणीत पिशवीतलं मीठ. पहाटे सगळ्यांच्या आधी उठले. बरणीतलं पाणी एका टोपात काढून कोपऱ्यात झाकून ठेवलं आणि बरणीत घरच्या मिठाचे चार ओंजळी खडे टाकून पाणी ओतलं. घाई होती म्हणून काठीने चांगलं ढवळलं.

पाणी खाडीसारखं गढूळ झालं. दोन दिवस न हलवता का ठेवायचं, हे मला तेव्हा कळलं. मी बरणीत डोकं घालून बघत असताना मामंजी निखारा न्यायला आत आले.

"ह्या कोणी ढवळल्यान?"

"मी. ते... जुनं पाणी कमी होतं."

त्यांनी बरणीत बघितलं, मग कोपऱ्यातल्या टोपाकडे बघितलं.

"ह्या रवांदे," ते म्हणाले. "काल होता ताच भर."

"पण मामंजी, ते..."

"ताच भर." त्यांनी विडी पेटवली. "आज देवाचो दीस. आज फसवणूक नको."

ते गेले. मी टोप हातात घेऊन उभी राहिले. यांना कळलंय की नाही, तेच मला कळेना. कळलं असेल तर बाकीच्या चौघांसमोर ते मीठ का वाढायला सांगतात? आणि कळलं नसेल तर आज त्यांची मान खाली जाणार, माझ्यामुळे. पळून माहेरी जावं असं मला खरोखर वाटलं. मग पोटात पोराने लाथ मारली, आणि मी बरणी धुऊन टोपातलं पाणी तिच्यात ओतलं.

दुपारी खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, पाच जण बसले. मी दारात आणि आत्याबाई चुलीपाशी. मामंजींनी स्वतः बरणी फिरवली. तातू केरकर सगळ्यांत थोरले, त्यांचा आगर आमच्या शेजारचा, आणि जीभ मामंजींच्या खालोखाल. त्यांनी पेज ओठाला लावली आणि वाटी खाली ठेवली.

"बाबल."

"काय?"

"ह्या मीठ आगरातला न्हय."

बाकीच्यांनी एकेक घोट घेतला. एकाने वाटी पानाच्या कडेला सरकवून ठेवली. गावात मामंजींच्या शब्दाला जी किंमत होती ती त्या वाट्यांबरोबर खाली ठेवली जात होती, आणि ते मला बघवेना. मी उंबऱ्याच्या बाहेर आले.

"तातूकाका, चूक माझी आहे. मला डॉक्टरांनी सांगितलं होतं, पोटातल्या बाळासाठी. मी चोरून आणलं. मामंजींना काही माहीत नव्हतं."

"तू गप रव," मामंजी म्हणाले. आवाज चढवला नाही. "तातू, तिना हाडलेला मीठ दिवाळीच्या आदीच संपला. तेच्यानंतरचा माझा. डब्यात मी माझ्या हातान घातलंय."

मला वाटलं, हे माझ्यासाठी देवाच्या दिवशी खोटं बोलताहेत. एवढ्यात आतून आत्याबाई डवली घेऊन बाहेर आल्या.

"तुमी? तुमी कित्याक घालतास? तेच्यानंतरचा माझा. माझ्या भावाकडसून हाडलंय, बांद्याहून. चार फेरे मारलंय."

नवरा-बायको एकमेकांकडे बघत राहिले. मी त्या दोघांकडे बघत राहिले. झाकण का लागत नव्हतं ते माझ्या डोक्यात हळूहळू शिरत होतं. एका घरात तीन माणसं एकमेकांना चोरून एकाच डब्यात मीठ भरत होती.

कोणीतरी फिस्सकन हसलं. तातूकाका हसले नाहीत.

"हसाक काय झाला?" ते म्हणाले. "देवासमोर शबुद कोणी घातल्यान? आमच्या सगळ्यांच्या वतीन कोण बोललो?"

"मी बोललंय," मामंजी म्हणाले.

ते पानावरून उठले, हात धुतले आणि खळ्याच्या कडेला गेले. तिथून रवळनाथाचा कळस दिसायचा. टोपी काढून त्यांनी हात जोडले.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," चौघांच्या तोंडून सवयीने निघालं. तातूकाकांच्याही.

"दोन वर्सांमागे ह्या बाबल मांजरेकरान तुझ्यासमोर शबुद घातल्यान, ज्याचो आगर तेच्या घरात पिशयेतला मीठ येवचा नाय म्हणान."

"व्हय म्हाराजा."

"तो शबुद मी मोडलंय. माझ्या घरात एक जीव येतासा. तेका जा होया ता माझ्या मिठात नाय. बाकी सगळा आसा म्हाराजा. पण ता नाय."

यावर कुणी "व्हय म्हाराजा" म्हटलं नाही. म्हणवेना कुणाला. आयुष्यभर मीठ पिकवलेल्या माणसाने आपल्या मिठात कमी आहे असं देवाला सांगितलं होतं, आणि ऐकणारे चौघेही मीठच पिकवत होते.

"मोडलेल्या शबदाचो दोष माझ्या पदरात घाल. पोरीच्या आणि तिच्या पोटातल्याच्या केसाक धक्को लावू नको. आणि हेच्यापुढे ह्या पाच घरांत कोणाक औषद म्हणान ता मीठ लागात, तेका मोकळीक दी म्हाराजा."

मामंजी हात जोडून तसेच उभे राहिले. मी तातूकाकांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी नाही म्हटलं असतं तर बाकीच्या तिघांनीही नाहीच म्हटलं असतं.

तातूकाकांनी घसा खाकरला.

"व्हय म्हाराजा," ते म्हणाले. मग बाकीचेही म्हणाले.

मी दारातच बसले आणि पदर डोळ्यांना लावला. आत्याबाई माझ्या शेजारी येऊन टेकल्या. "वहीचा कव्हर," त्या हळूच म्हणाल्या, आणि मला रडता रडता हसू आलं.

"बस आता, बाबल," तातूकाका म्हणाले. "पेज निवली." मामंजी पानावर बसले. तातूकाकांनी पुन्हा वाटी उचलली, घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"खारट आसा, पण चव नाय रे हेका."

"नाय," मामंजींनी कबूल केलं.

"आणि तू ह्या कधीपासून खातंस?"

"ऑक्टोबरापासून. पयल्याच घोटाक कळला."

तातूकाकांनी मान हलवली आणि मामंजींच्या वाटीत स्वतःच्या हाताने आणखी पेज वाढली. त्या दिवशी जेवणं उशिरापर्यंत चालली. नव्या मिठाचे खडे चाखून मामंजींनी बाकीचे चारही आगर ओळखले, एकाही ठिकाणी चुकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी मामंजींसाठी घरच्या मिठाची वेगळी बरणी मांडली. आता लपवायचं काही नव्हतं. मामंजींनी ती बाजूला सारली. "एका घरात दोन मिठा कशाक? ती सुटूंदे आदी." आत्याबाईंनी खूप समजावलं, मीही समजावलं. त्यांनी ऐकलं नाही. म्हातारे हट्टी असतात म्हणून आम्ही सोडून दिलं.

एप्रिलच्या शेवटी मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण वालावलकरबाईंनी मला जाऊ दिलं नाही, म्हणून आईच सावंतवाडीला आली. मुलगी चांगली साडेसहा पौंडांची, पाय धरला की दुसऱ्या पायाने लाथ मारणारी. तिला तपासून झाल्यावर बाई म्हणाल्या, "एकदम ठणठणीत आहे," आणि मी तीन वेळा विचारलं, नक्की ना, नक्की ना. मग त्यांनी माझा गळा चाचपला. सूज उतरली होती.

घरी निघायच्या दिवशी बाईंनी टेबलाचा खण उघडला आणि एक छोटी पुरचुंडी माझ्यापुढे ठेवली. धोतराच्या धडप्याची, दोऱ्याने बांधलेली.

"ही तुमची ठेव आहे माझ्याकडे. सासरे देऊन गेले होते तुमचे."

"मामंजी? इथे? केव्हा?"

"तुम्ही पहिल्यांदा आलात त्याच आठवड्यात. बाजारचा दिवस होता. दोन तास नंबर लावून बसले. आत आल्यावर ही पुरचुंडी सोडून ठेवली आणि म्हणाले, माझ्या सुनेला तुम्ही मीठ बदलायला सांगितलं असेल. या मिठात काय कमी आहे ते मला सांगा." बाईंनी खण बंद केला. "मी सांगितलं त्यांना समजावून. ते म्हणाले, मग ते मी वाफ्यात घालू शकतो का? मी म्हटलं, नाही हो, घरी घालण्यासारखी गोष्ट नाही ती. मग पिशवीवरचं नाव लिहून मागितलं."

केरसुणी, माझ्या मनात आलं.

"आणि हे इथे का ठेवलं?"

"मी परत देत होते. म्हणाले, इथेच ठेवा. ती सुखरूप सुटली की तिच्या हातात द्या. तोवर मला नको."

घरी येईपर्यंत पुरचुंडी माझ्या मुठीत होती. मुलीला आत्याबाईंनी घेतलं आणि आई न्हाणीचं बघू लागली. मला चुलीकडे जायची बंदी होती, पण जेवणाच्या वेळी मी माजघरात गेले. मामंजींचं पान मांडलेलं होतं. मी दोरा सोडला आणि पानाच्या डाव्या हाताला, जिथे मीठ वाढतात तिथे, ते करडे खडे ठेवले.

मामंजी येऊन बसले. पानाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग एक खडा उचलून जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. सात महिन्यांनी ते स्वतःचं मीठ खात होते. जीभ विसरली असेल का, या विचाराने मीच श्वास धरून उभी होते.

"ह्या माझा," ते म्हणाले. "गेल्या वर्साचा. देवळाकडच्या वाफ्यातला."

मग त्यांनी भातावर मीठ कुस्करलं आणि जेवायला सुरुवात केली. त्या दुपारी त्यांनी तीनदा भात मागून घेतला.